दुसऱ्याच्या हातासारखं

व्हँकुव्हरमध्ये माझ्या कामाचा हंगाम पाऊस ठरवतो. सप्टेंबर सरता सरता आभाळ एकदा खाली उतरलं की मार्चपर्यंत ते पुरतं वर जात नाही. पहिली झड लागली की लोक कपाटाच्या वरच्या फळीवरून स्वेटर काढतात, खिडकीशी धरतात, आणि त्यांना भोकं दिसतात. मग मला फोन यायला लागतात. मी लोकरीचे विणलेले कपडे दुरुस्त करते. झिजलेली कोपरं, उसवलेली मनगटं, ओघळलेले गळे, कसर लागलेल्या पाठी. नवीन स्वेटर विणून विकत नाही आणि विणकामाचे वर्गही घेत नाही. हे आधीच सांगून टाकायची सवय मला लागली आहे, कारण ‘लोकरीचं काम करते’ म्हटलं की पुढचा प्रश्न हमखास बाळाच्या टोपड्याचा असतो.

इथल्या पावसाचं कौतुक मुंबईकराला सांगितलं तर तो हसेल. वर्षाकाठी साधारण १,२०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, हा हिवाळाभर रिपरिपत राहतो. त्यात नोव्हेंबर सगळ्यात ओला. जानेवारीतही दुपारचा पारा सहा-सात अंशांवर असतो, बर्फ पडतो तो मोजके दिवस. त्यामुळे टोरंटो-विनिपेगची माणसं ‘तुमच्याकडे कसला आलाय हिवाळा’ म्हणून चिडवतात. चिडवणाऱ्याने डिसेंबरात इथे आठवडाभर राहून पाहावं. सव्वाचारला सूर्य मावळतो, तोही दिवसभरात दिसला असेल तर. उणे वीसमध्ये एक जाड जॅकेट चढवलं की भागतं. ओल्या थंडीत गारठा बाहीतून, गळ्यातून, मोज्यांतून चोरपावलांनी आत येतो.

अशा हवेत लोकर काय चीज आहे ते कळतं. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. ओलावा शोषताना थोडी ऊबही सोडतो. मेंढीच्या अंगचं तेल धाग्यात राहू दिलेलं असेल तर थेंब वरच्या वर ओघळून जातात. हे शिकायला मला कॅनडात यावं लागलं नाही. माझं आजोळ भोर तालुक्यातलं. आवणीच्या दिवसांत वाकून रोपं लावणाऱ्या बायकांच्या पाठीवर इरली आणि गुरांमागे जाणाऱ्या मामांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. संध्याकाळी घोंगडी भिजून जड झालेली असे, तिचा वास घरभर सुटे, पण मामांची पाठ कोरडी असे. आमच्याकडे पुण्यात लोकर थंडीसाठी असते. आजोळी ती पावसासाठी होती.

विणायला शिकवलं आईने. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. मधल्या सुट्टीत तिच्या स्टाफरूममध्ये निम्म्या बायकांच्या हातात सुया असायच्या. वर्धमान नाहीतर ओसवालची लोकर आणायची, खुर्चीच्या पाठीला लडी अडकवून गुंडे करायचे, स्वेटर आखूड झाला की उसवायचा, लोकर वाफेवर सरळ करायची आणि धाकट्यासाठी पुन्हा टाके घालायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा मला कामाचा परवाना मिळायचा होता. रिकामपणी शेजारच्या आजींच्या कार्डिगनचं कोपर करून दिलं. आजींनी चर्चमधल्या मैत्रिणींना दाखवलं. परवाना हाती आला तोवर गिऱ्हाइकं वाट बघत होती.

कामाची खोली म्हणजे आमच्या तळघरातल्या घराची मागची खोली. इथे घरमालक वर राहतो आणि खालचा मजला भाड्याने देतो. खिडक्या जमिनीलगत, भिंतीच्या बुडाशी विजेचे हीटर. सकाळी काचांना आतून पाणी सुटलेलं असतं आणि ते पुसलं नाही तर चौकटीत काळी बुरशी धरते. ओलावा ओढणारं यंत्र दिवसरात्र घुमत असतं, त्याची बादली ओतणं हे चहाच्या आधीचं काम. अशा घरात लोकांचे स्वेटर धुवायचे आणि वाळवायचे, हे टाके घालण्यापेक्षा जास्त डोकं खाणारं आहे.

धुणं चुकत नाही. दुरुस्तीआधी धुवावंच लागतं, कारण कसर मळक्या लोकरीला आधी लागते. घामाचे, सांडलेल्या आमटीचे डाग तिला मानवतात. उडताना दिसतो तो पतंग काही खात नाही, खाते ती त्याची अळी, आणि हीटर लावलेल्या घरांत तिला हिवाळाही आड येत नाही. संशय आला की स्वेटर पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये. आमच्या फ्रीझरच्या एका खणात मटार, ओल्या नारळाचा चव आणि कुणा वकीलसाहेबांचं काश्मिरी लोकरीचं पुलओव्हर गुण्यागोविंदाने नांदतात.

दुरुस्तीनंतर पुन्हा धुवायचं, म्हणजे नवे टाके जुन्यांत बसतात. लोकर पिळायची नाही. जाड टॉवेलवर स्वेटर पसरायचा, टॉवेलची वळकटी करायची आणि तिच्यावर उभं राहायचं. हे खातं माझ्या मुलीकडे आहे. इथे पाऊस आहे म्हणून शाळेची मैदानावरची मधली सुट्टी चुकत नाही, त्यामुळे ती घरी येते ती नखशिखांत निथळत. रेनसूट न्हाणीघरात टांगला, गमबूट उपडे घातले की विचारते, ‘आज वळकटी आहे?’ वळकटीवरून उतरल्यावर स्वेटर चटईवर मापात बसवायचा, कडांना न गंजणाऱ्या टाचण्या लावायच्या आणि दोन-तीन दिवस त्याच्याकडे बघत बसायचं.

आणि याच दोन-तीन दिवसांत घरात स्वयंपाकही होतो. ओली लोकर वास धरते. हिंगाचा, तळणीच्या तेलाचा, आणि माशांचा तर विचारूच नका. म्हणून आमच्या घरात नियम आहेत. स्वेटर वाळत असेल तर तळण नाही. फोडणी द्यायची तर आधी मागच्या खोलीचं दार लावायचं, दाराच्या फटीला टॉवेल लावायचा, पंखा सुरू करायचा, मग मोहरी. मासे फक्त ज्या रविवारी चटई रिकामी असेल त्या रविवारी. एका हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या. चार दिवस हे बघून म्हणाल्या, “अगं, लोकांच्या स्वेटरापायी आपण बिनफोडणीचं वरण खायचं का?” म्हटलं, “नाही आई, फक्त गुरुवारपर्यंत.” त्यानंतर रोज सकाळी त्या स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बाहीला हात लावून बघायच्या. काखेत ओल असेल तर भजी पुढे ढकलायच्या. काख आणि बॉर्डर सगळ्यांत शेवटी वाळते, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

दिवाळी येते नेमकी हंगामाच्या तोंडावर. त्यावर तोडगा असा की चकल्या-शेवेच्या आठवड्यात ओलं काम घ्यायचंच नाही. सगळे स्वेटर झाकणाच्या डब्यांत, आणि हातात फक्त कोरडं काम. गिऱ्हाइकाला कारण सांगते, ‘आमचा सण आहे, घरात तळण असतं.’ एकानेही कधी तक्रार केली नाही. उलट स्वेटर न्यायला आलेल्यांना चकली मिळते आणि पुढच्या वर्षी ते बरोबर त्याच आठवड्यात येतात.

या सगळ्यातून उरलेल्या वेळात खरं काम. त्याचंही वेळापत्रक बाहेरचं आभाळच लावतं. रंग जुळवायचा तो दहा ते दोनमध्ये. दिव्याखाली दोन राखाडी धागे एकसारखे दिसतात आणि खिडकीशी नेले की एक हिरवट निघतो, एक जांभळट. लोकांना वाटतं ढगाळ हवेत रंग कळत नसतील. मला तर पावसाळी उजेडच बरा वाटतो. त्यात ऊन-सावली नसते, चकाकी नसते, धागा आहे तसा दिसतो. काळा आणि गडद निळा फक्त दुपारी हातात घ्यायचा. संध्याकाळसाठी फिके रंग, जाड लोकर, मोजे.

पण नुसता रंग जुळून भागत नाही. वीस वर्षं वापरलेली लोकर पातळ झालेली असते, तिच्यावरची लव गेलेली असते. नवा धागा कितीही तंतोतंत रंगाचा असला तरी शेजारी बसला की पाहुणा वाटतो. म्हणून शक्य तिथे धागा त्याच स्वेटरमधून काढते. खिशाचं आतलं अस्तर विणलेलं असतं, शिवणीत दुमडलेली पट्टी असते, कधी खालच्या बॉर्डरच्या दोन ओळी उसवून घेता येतात आणि बॉर्डर नव्या लोकरीने पुन्हा विणता येते. तिथे फरक कुणी बघत नाही. ही पद्धत पक्की झाली ती नोव्हेंबर २०२१मध्ये. तेव्हा इतका पाऊस झाला की रस्ते खचले, रेल्वे थांबली आणि व्हँकुव्हरचा उरलेल्या कॅनडाशी जमिनीवरचा संपर्कच तुटला. जवळच्या ॲबट्सफर्डची शेतं पाण्याखाली गेली. माझी पूर्वेकडून येणारी लोकर वाटेत कुठेतरी अडकून पडली आणि हातात कामं तर होती. स्वेटरची दुरुस्ती स्वेटरनेच करायची, हे त्या पंधरवड्याने शिकवलं.

आता दुसऱ्याच्या हातासारखं विणण्याच्या मूळ मुद्द्यावर येते. या कामात सुई हातात घेण्याआधी खूप वेळ नुसतं बघावं लागतं. स्वेटर उलटा करायचा आणि आतली बाजू वाचायची. धागा संपला तिथे गाठ मारली आहे की टोक टाक्यांतून फिरवून लपवलं आहे. सुलट ओळी घट्ट आणि उलट ओळी सैल आहेत का. सरळ सुयांवर विणणाऱ्या पुष्कळांचं तसं होतं आणि कापडावर आडवे वळ दिसतात. टाक्याचे दोन पाय बुडाशी सुटे आहेत की एकमेकांवर चढले आहेत. चढले असतील तर विणणारी बाई सुई मागच्या पायात घालत होती. पुस्तकं याला चूक म्हणतात. माझ्या आईची आयुष्यभर हीच सवय होती आणि तिचे स्वेटर कधी ओघळले नाहीत. अशा स्वेटरला भोक पडलं तर मलाही प्रत्येक टाक्याला तो पीळ द्यावा लागतो, एकाआड एक ओळीत असेल तर एकाआड एक ओळीत. सरळ, सुटे, देखणे टाके घातले तर ठिगळ लांबून ओळखू येईल.

म्हणजे चांगलं विणता येणं ही इथे पहिली पायरी आहे, आणि नंतर तेच आवरायचं. माझा हात बेताचा आणि एकसारखा. घट्ट हाताच्या बाईचा स्वेटर आला की मी दोन नंबर बारीक सुई घेते आणि धागा करंगळीवरून एक वेढा जास्त घेते. सैल हाताचा आला की जाड सुई घेते, खांदे सोडते आणि रेडिओ लावते. हसू नका, रेडिओने हात सैल होतो.

कोपराचं भोक कसं भरते ते सांगते, कारण बघणाऱ्याला ते रफूच वाटतं. कापडावरच्या रफूत उभे-आडवे धागे गुंतवतात. विणलेल्या कपड्यात तसं केलं तर तिथे ताठ खपली तयार होते आणि कोपर वाकवलं की कडेने पुन्हा फाटतं. म्हणून मी आधी भोक मोठं करते. गिऱ्हाईक समोर असेल तर त्याचा जीव खाली-वर होतो. झिजलेले, अर्धवट धागे कापून काढत मजबूत टाक्यांपर्यंत जायचं. वरच्या आणि खालच्या काठाचे मोकळे टाके बारीक सुयांवर उचलायचे, दोन्हीकडे सारखेच आले पाहिजेत. बाजूच्या कडांचे धागे आत वळवायचे. मग खालच्या टाक्यांवरून ओळ-ओळ विणत वर जायचं, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला शेजारच्या चांगल्या टाक्यात अडकवून पुढे जायचं. वरच्या काठाला एक ओळ उरली की सुया बाजूला ठेवायच्या. ती शेवटची ओळ बोथट टोकाच्या शिवणसुईने, दोरा टाक्याच्याच वाटेने वळवत भरायची, म्हणजे वरचे आणि खालचे टाके शिवणीशिवाय एक होतात. या जोडणीला नाव आहे लॉर्ड किचनरचं. शाळेच्या इतिहासात कर्झनशी भांडलेला म्हणून भेटलेला तोच हा. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे मोजे बोटांना टोचू नयेत म्हणून ही वीण त्याच्या नावाने पसरली, असं विणणाऱ्यांच्या जगात सांगतात. शेवटी त्या ओळीतला एकेक टाका सुईच्या टोकाने ओढून शेजाऱ्याच्या उंचीचा करायचा. सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो आणि हे दिसत मात्र कुणालाच नाही.

एकदा एक गृहस्थ आईने विणलेला स्वेटर घेऊन आले. दोन्ही कोपरं गेलेली. उजवी बाही नेहमीच्या हाताची, डावी इतकी घट्ट की एका इंचात दीड टाका जास्त. मी विचारलं, “ही बाही तुमच्या आईंनी आजारपणात वगैरे विणली होती का?” ते हसायला लागले. म्हणाले, “छे हो, ती १९९४ची फायनल.” त्या वर्षी व्हँकुव्हरचा आइस हॉकी संघ स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेला आणि न्यूयॉर्ककडून हरला. शहरात दंगल झाली. त्यांच्या आई टीव्हीसमोर बसून बाही विणत होत्या. मनगटाकडून खांद्याकडे जाताना टाके घट्ट होत गेलेले मला स्पष्ट दिसत होते. माझ्या विणीत दीड टाक्याचा तो फरक गेला असता तर दोन्ही कोपरं एकसारखी झाली असती, कपडा म्हणून अधिक चांगली. गृहस्थांनी पैसे मोजले ते फरक राखण्याचे.

नक्कल करणं हे माझं कसब, असं मी म्हणत आले. या प्रांतात राहून त्या कसबाची हद्दही कळली. समोरच्या व्हँकुव्हर बेटावर, डंकन गावाच्या परिसरात काउइचन स्वेटर विणले जातात. विणणाऱ्या कोस्ट सेलिश समाजातल्या बायका. मेंढ्या इथे आल्या गोऱ्यांबरोबर, एकोणिसाव्या शतकात. त्याआधीही या बायका डोंगरी बकऱ्यांच्या आणि मुद्दाम पाळलेल्या झुपकेदार कुत्र्यांच्या लोकरीची ब्लँकेटं विणत होत्या. सुयांवरचं विणकाम आल्यावर त्यांनी स्वतःचा स्वेटर घडवला. हातकताईचा जाडजूड धागा, रंग न दिलेली पांढरी, करडी, काळी लोकर, गोल विणलेलं अंग, वळवलेली शालीसारखी कॉलर, आणि अंगावर गरुड, देवमासा, सामन किंवा भौमितिक पट्टे. धाग्यात तेल ठेवलेलं असतं, त्यामुळे इथल्या पावसात कोळी आणि लाकूडतोडे हाच घालत. कॅनडा सरकारने २०११मध्ये या विणणाऱ्यांना आणि त्यांच्या स्वेटरला राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचं स्थान दिलं.

त्याच्या दोनच वर्षं आधी वेगळं घडलं होतं. व्हँकुव्हरच्या २०१०च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी जो अधिकृत स्वेटर बाजारात आला तो काउइचन स्वेटरची सहीसही आठवण करून देणारा, पण या बायकांनी न विणलेला. समाजाने आक्षेप घेतला, बोलणी झाली आणि शेवटी अस्सल स्वेटरही ऑलिम्पिकच्या काळात विक्रीला ठेवायचं ठरलं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या चटईवर एक काउइचन स्वेटर होता. मनगट उसवलेलं आणि पाठीवरच्या गरुडाच्या पंखाला भोक. पंख विणणं मला जमलं असतं. धाग्याचा जाडपणा, आतून फिरवलेले रंग, पकड, सगळं वाचता येत होतं. मनगट केलं आणि पंख तसाच ठेवून मालकिणीला सांगितलं, “फेरी घ्या, डंकनला जा, ज्यांचं आहे त्यांनाच विचारा. त्या विणणाऱ्या अजून आहेत.” हॉकीवाल्या आई आता नाहीत, त्यांच्या जागी मी विणते. जिथे विणणारी आहे आणि तिचं पोट त्यावर आहे, तिथे तिच्यासारखं विणणं म्हणजे तिच्या ताटातलं उचलणं. आता असं चित्रांचं काम आलं की मी हेच सांगते. कुणी कुणी रागावतात.

सिल्व्हिया ओल्सन यांनी या विणकामावर ‘वर्किंग विथ वूल’ हे पुस्तक लिहिलं आहे. त्या स्वतः त्या समाजात संसार केलेल्या आणि स्वेटरच्या खरेदी-विक्रीतही होत्या. त्यातून दिसतं ते घर माझ्या ओळखीचं आहे. चूल, पोरं, ओले कपडे आणि त्यातच लोकर धुणं, पिंजणं, कातणं, विणणं. स्वेटर झाला की व्यापाऱ्याकडे जायचा, तो देईल तो भाव घ्यायचा आणि वाणसामान आणायचं. कुटुंबंच्या कुटुंबं यावर जगली, पण काम घरात आणि बायकांचं, म्हणून त्याचे तास कुणी धरले नाहीत.

मी माझे तास धरते. वहीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहिते, मध्ये कुकर लावायला उठले तर तेवढं वजा करते. बघण्यात गेलेला वेळ मात्र वजा करत नाही. दर ऐकून काहीजण म्हणतात, एवढ्यात तर नवा येईल. खरंच येतो, आणि मी त्यांना तसं सांगते. ॲक्रिलिकचा स्वेटर असेल तर नवाच घ्या म्हणते. ख्रिसमसनंतर मशीनमधून आटून पिंजारलेले स्वेटर येतात; गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि ते सुटत नाहीत. तेही परत करते. पुण्याच्या नातेवाइकांना यातलं काही पटत नाही. व्हिडिओ कॉलवर मावशी म्हणते, “बरंय गं तुझं, पावसात घरबसल्या विणकाम.” मी म्हणते, “हो ना मावशी.” मागे यंत्राची बादली भरल्याचा गजर होत असतो.

स्वेटर परत देताना सोबत एक कागद देते. कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत नवं आहे, सुई कुठल्या नंबरची, धागा खिशाच्या अस्तरातून घेतला की विकत आणला, टाक्याला पीळ होता का, डावी बाही घट्ट ठेवली आहे ती का. हा स्वेटर पुन्हा झिजणार आहे, पुन्हा कुणीतरी उलटा करून वाचणार आहे. तिला मूळ हात कुठला आणि माझा कुठला ते कळलं पाहिजे, म्हणजे उसवायची वेळ आली तर ती माझंच उसवेल. कागदावर खाली माझं नाव असतं, बिलावरही असतं. स्वेटरवर ते कुठे दिसलं, तर दुरुस्ती फसली म्हणायची आणि पैसे परत द्यायचे.